खोक्यावर जीएसटी ५ टक्के, कागदावर १८. मधला भार पडणार कुणावर?

फळछाटण्या उरकून बागा फुलोऱ्याच्या पुढं गेल्या, की तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व आणि जत भागात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. एक, यंदा व्यापारी कोण येणार. दुसरी, खोक्याचा दर काय निघाला. पहिल्या प्रश्नावर गावोगावी पारावर चर्चा होते, बातम्याही येतात. दुसऱ्यावर फारसं कुणी बोलत नाही. खोकं म्हणजे काय, पुठ्ठाच तो. पण एकरी दहा टन माल चार किलोच्या पेटीत भरायचा म्हटला तर अडीच हजार पेट्या लागतात. पेटीमागं दोन रुपये इकडं-तिकडं झाले तरी एकराला पाच हजारांचा फरक पडतो. एवढ्यात फवारणीचे दोन-तीन हात निघतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. ट्रॅक्टर, ठिबक, औषधं यांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. त्याच यादीत पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शेतकऱ्याला फायदा म्हणून तीही बातमी फिरली. त्या बातमीचा अर्धा भाग मात्र आपल्या ग्रुपवर फिरला नाही. ज्या कागदापासून खोकं बनतं, त्या क्राफ्ट कागदावरचा कर त्याच दिवशी १२ वरून १८ टक्के झाला. तयार मालावर कर कमी आणि कच्च्या मालावर जास्त, असं हे उलटं गणित झालं.

हिशेब मांडून बघू

समजा, चार किलोच्या एका पेटीचा मूळ दर ३० रुपये आहे आणि त्यात २० रुपयांचा कागद आहे. बाकी गम, छपाई, मजुरी, वीज, भाडं आणि कारखानदाराचा नफा. हे आकडे समजण्यापुरते धरलेत, प्रत्येकाचा दर वेगळा असतो. पण खोक्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कागदाचा असतो, हे कुठलाही बॉक्सवाला सांगेल.

आधी काय होतं? कारखानदार २० रुपयांच्या कागदावर १२ टक्क्यांनी २ रुपये ४० पैसे कर भरायचा. पेटी विकताना आपल्याकडून ३० रुपयांवर १२ टक्क्यांनी ३ रुपये ६० पैसे घ्यायचा. भरलेले २.४० वजा करून उरलेले १.२० सरकारात जमा करायचा. त्याच्या खिशातून काही जात नव्हतं.

आता काय होतं? कागदावर १८ टक्क्यांनी ३ रुपये ६० पैसे भरायचे. आपल्याकडून ५ टक्क्यांनी फक्त १ रुपया ५० पैसे घ्यायचे. म्हणजे पेटीमागं २ रुपये १० पैसे त्याचे सरकारकडं अडकले. आणि आपली बचत किती झाली? ३.६० वजा १.५०, म्हणजे तेही २ रुपये १० पैसेच! आपल्या पदरात जेवढे पडायला हवेत, नेमके तेवढेच त्याच्या खात्यात अडकून बसले. आकडे बदलले की रक्कम बदलेल, पण चित्र साधारण हेच राहतं.

कायद्यात याला वाट आहे. कच्च्या मालावर कर जास्त आणि पक्क्या मालावर कमी असेल, तर साठलेला कर परत मागता येतो. पण परतावा मागायचा म्हणजे अर्ज, कागदपत्रं, सीए आणि थांबणं आलं. शिवाय हा परतावा कच्च्या मालावरच्या करापुरता असतो, नव्या मशीनवर किंवा सेवांवर भरलेला कर त्यात धरत नाहीत. मोठ्या कारखान्याला हे सगळं झेपतं. एमआयडीसीत एक शेड भाड्यानं घेऊन दहा-बारा माणसांवर चालणाऱ्या बॉक्सवाल्याचं खेळतं भांडवलच अडकतं. तो ऐन हंगामात बँकेकडून नाही तर सावकाराकडून पैसा उचलणार आणि त्याचं व्याज खोक्याच्या मूळ दरात घालणार. बिलावर जीएसटी ५ टक्केच दिसेल, पण ३० ची पेटी ३१-३२ ला झालेली असेल. याला लबाडीच म्हणता येईल असं नाही, धंदा तसाच चालतो.

म्हणून यंदा दर विचारताना 'जीएसटी धरून किती' एवढंच विचारू नका. मूळ दर किती आणि कर किती, हे वेगवेगळं विचारा. गेल्या हंगामातलं बिल घरात असेल तर शेजारी ठेवा.

कर कमी झाला आणि विकणाऱ्यानं दर कमी केला नाही, तर नफेखोरीची तक्रार करायची व्यवस्था जीएसटी कायद्यात होती. १ एप्रिल २०२५ पासून त्याखाली नव्या तक्रारी घेणं बंद झालं. पाच-सहा महिन्यांत एवढी मोठी करकपात आली आणि तक्रारीचं मुख्य दार आधीच लावलेलं होतं. आता राहिली ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथंही बिल लागतंच. आणि आपल्याकडं निम्मी खोकी कच्च्या चिठ्ठीवर येतात.

कुणाला परत मिळतो, कुणाला नाही

ताजी द्राक्षं, डाळिंब, आंबा यांच्यावर जीएसटी नाही. ऐकायला बरं वाटतं. पण विक्रीवर कर नाही म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करायलाही जागा नाही. शेतकऱ्यानं खोक्यावर भरलेला कर हा सरळ खर्च आहे, तो परत येत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीनं जीएसटी नंबर काढला तरी देशातल्या बाजारात ताजं फळ विकताना तीच गत.

निर्यातदाराचं तसं नाही. निर्यात ही शून्य दराची विक्री धरली जाते, त्यामुळं माल करमुक्त असला तरी खोकं, पनेट, पॅकिंग यांवर भरलेला कर निर्यातदाराला परत मागता येतो. म्हणजे एकाच बागेतली द्राक्षं रॉटरडॅमला गेली तर खोक्याचा कर परत मिळतो आणि कोलकात्याला गेली तर मिळत नाही. बाग तीच, मजुरी तीच, खोकंही बऱ्याचदा तेच.

इथं कुणी म्हणेल, आमच्याकडं तर व्यापारीच खोकी घेऊन येतो, आमचा काय संबंध? संबंध आहे. बागेत सौदा करताना व्यापारी खोकं, पॅकिंग, भाडं, हमाली डोक्यात धरूनच चार किलोचा दर बोलतो. त्याचं खोकं दोन रुपयांनी महागलं तर ते आपल्या दरातूनच निघतं. आणि स्वस्त झालं तर? तेव्हा मात्र दर आपसूक वाढत नाही, तो आपल्यालाच मागावा लागतो. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि पुढं बराच काळ हटला नाही. अनेक बागांत घड कमी निघाले, माल कमी होता. माल कमी असला की मागायची तीच वेळ असते.

हिमाचलनं काय केलं

खोक्यावरचा हा कर आधीही खाली-वर झाला आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यावर १२ टक्के होता. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो १८ झाला. हिमाचल प्रदेशातल्या सफरचंदवाल्यांनी त्यावर रान उठवलं. खतं, औषधं आणि खोकी महागल्याच्या रागात ऑगस्ट २०२२ मध्ये शिमल्यात सचिवालयावर मोर्चा नेला. त्यांच्या सरकारला वाढलेल्या कराची भरपाई द्यायची घोषणा करावी लागली. जून २०२४ च्या जीएसटी परिषदेत खोक्यावरचा कर पुन्हा १२ वर आणायचं ठरलं, तेव्हा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी हिमाचल आणि काश्मीरच्या सफरचंद बागायतदारांचं नाव घेऊन सांगितलं, की यांना याचा फायदा होईल.

द्राक्ष, डाळिंब आणि हापूसवाल्यांनाही तोच फायदा झाला, पण तो मिळवला सफरचंदवाल्यांनी. आपल्याकडं मोर्चे ऊसदर, पीकविमा, पाणी यावर निघतात आणि ते निघायलाच हवेत. खोक्यावर निघाल्याचं मला आठवत नाही.

हिमाचलनं २०२४ च्या हंगामात आणखी एक गोष्ट केली. 'युनिव्हर्सल कार्टन' सक्तीचं केलं. आधी तिथं एकात एक सरकणारं, झाकणाचं खोकं चालायचं. त्यात ठासून भरत नेलं की २० किलोच्या जागी २८-३० किलो बसायचं आणि दर मात्र पेटीवर. नवं खोकं एकसंध आहे, त्यात ठरल्यापेक्षा जास्त भरताच येत नाही. खोक्याचा आकार बदलून वजनातली लूट रोखायचा हा प्रयत्न आहे. चार किलोच्या पेटीत सूट-घट म्हणून किती जादा जातं हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर सुद्धा खोक्याच्या बाजूनं विचार होऊ शकतो, हे यातून दिसतं.

दर ठरतो कुठं

तासगावच्या दुकानातल्या खोक्याचा दर तासगावात ठरत नाही. खोक्याचा तपकिरी क्राफ्ट कागद आपल्या देशात मुख्यतः रद्दीपासून बनतो. गुजरातेत वापी आणि मोरबी, उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगर ही त्याची मोठी ठिकाणं. रद्दी देशातली असते आणि बरीचशी अमेरिका, युरोप, आखातातून जहाजानं येते. आपण ऑनलाइन मागवलेल्या मोबाईलचं खोकं भंगारवाल्याकडं, तिथून मिलला आणि परत द्राक्षाच्या पेटीत असा फेरा चालतो. कागदाचा धागा प्रत्येक फेऱ्यात आखूड आणि कमजोर होत जातो. म्हणून बाहेरची, नव्या लाकडाच्या लगद्याची चांगली रद्दी मिसळावी लागते.

चीननं १ जानेवारी २०२१ पासून बाहेरची रद्दी घेणं पूर्ण बंद केलं. त्यांना रद्दी नको होती, पण कागद तर हवाच होता. मग भारतातल्या मिलमधून कागदाचे रोल तिकडं जाऊ लागले. त्यात कोविडमुळं कंटेनरची टंचाई. २०२०-२१ मध्ये क्राफ्ट कागदाचे दर भडकले, खोकेवाल्यांनी निर्यात रोखायची मागणी केली आणि इकडं आपण 'यंदा खोकं एवढं महाग का' म्हणून दुकानदाराशी भांडत होतो. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. युरोपची द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि तिकडून येणारी रद्दीही त्याच वळशात सापडली. एकाच भांडणानं मालाचं भाडंही वाढवलं आणि खोक्याचा कच्चा मालही अडवला.

मागणी तर वाढतच आहे. मार्च २०१८ मध्ये राज्यानं प्लास्टिकबंदी आणली, १ जुलै २०२२ पासून देशभर ताट, पेला, स्ट्रॉ अशा एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तू बंद झाल्या. ॲमेझॉन, फ्लिपकार्टनं आपल्या गोदामांतून प्लास्टिकची पॅकिंग काढून कागद आणला. औषधं, बिस्किटं, साबण, आता दहा मिनिटांत घरपोच येणारा किराणा, सगळ्यांना खोकं किंवा कागदी पिशवी लागते. या सगळ्यांच्या रांगेत आपण उभे आहोत. कंपनी बारा महिने, ठरलेल्या मापाचा, लाखोंचा माल उचलते. आपण जानेवारी ते एप्रिल आणि तेही 'उद्या माल तोडायचाय, आज खोकी द्या' म्हणत जातो. अशा गिऱ्हाईकाला दर चढाच लागतो, त्यात नवल नाही.

म्हणून हंगामाच्या आधी दोन महिने, गटानं मिळून ऑर्डर द्यावी. गावात शेतकरी कंपनी असेल तर तिनं हे एक काम केलं तरी सभासदांची वर्गणी वसूल होईल. अडचण एकच, पाऊस झाला, मणी तडकले, तर खोकी घेऊन करायचं काय ही भीती. ती खरी आहे. मग निम्म्या मालाची तरी करावी. मात्र साठवायची खोली कोरडी हवी.

पुठ्ठा ओळखायचा कसा

बॉक्सवाला 'पाच प्लाय आहे, काळजी नको' म्हणतो. प्लाय म्हणजे थर. तीन प्लायमध्ये दोन सपाट कागद आणि मधे एक नागमोडी, पाच प्लायमध्ये तीन सपाट, दोन नागमोडी. पण पाच पातळ कागदांपेक्षा तीन जाड चांगले असू शकतात. विचारायचं ते जीएसएम आणि बीएफ. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन. बीएफ म्हणजे कागद फुटेपर्यंत किती दाब सोसतो त्याचा आकडा. १६, १८, २०, २२ असे बीएफ चालतात, आकडा मोठा तेवढा कागद दमदार.

बीएफ घरी मोजता येत नाही, जीएसएम येतं. खोक्याचा दहा बाय दहा सेंटीमीटरचा नेमका तुकडा कापा. पाण्यात भिजवून थर सुटे करा, उन्हात खडखडीत वाळवा. वरचा सपाट थर सोनाराच्या काट्यावर तोला. जितके ग्रॅम भरतील त्याला शंभरनं गुणा. दीड ग्रॅम भरला तर १५० जीएसएम. सांगितलं १५० आणि निघालं ११०, तर दुकानदाराशी काय बोलायचं ते तुम्हाला कळतंच.

दुसरं, ओल. पुठ्ठ्याचा वैरी पाणी. कोल्ड स्टोरेजमध्ये हवेत आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या पुढं असते आणि तिथं खोक्याची ताकद निम्म्यावर, कधी त्याहून खाली येते. दुकानात ज्याच्यावर माणूस उभा राहून दाखवतो ते खोकं आठ दिवसांनी कोल्डमध्ये बसतं आणि खालचे घड चेपतात. निर्यातीच्या खोक्याला भारी कागद लागतो तो यासाठी. नागमोडी थराच्या नळ्या खोक्याच्या भिंतीत उभ्या हव्यात, आडव्या असतील तर वजन पेलत नाहीत. आणि थप्पी लावताना कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे. खोक्याची ताकद चार कोपऱ्यांत असते. विटांसारखी सांधेमोड थप्पी लावली की दिसायला घट्ट, पण वजन पुठ्ठ्याच्या मधल्या भागावर येतं. गाडी भरणाऱ्या पोरांना हे एकदा सांगून ठेवावं.

पेटीत घालायची रद्दीची कात्रणंही बघा. छापील वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळायला अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे, शाई अन्नाला लागते म्हणून. कोरा कागद थोडा महाग पडतो, पण परगावच्या गिऱ्हाईकानं पेटी उघडल्यावर घडाला काळी शाई दिसणंही बरं नाही.

सगळंच खोक्यात भरावं असं मात्र माझं म्हणणं नाही. टोमॅटोला प्लास्टिकचं कॅरेटच परवडतं. ते धुऊन पुन्हा वापरता येतं, पावसात बसत नाही. कागद म्हणजे पर्यावरणाला चांगला असं डोळे झाकून म्हणतात, त्यातही तथ्य अर्धंच. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो. जवळच्या बाजारासाठी कॅरेट, लांबच्या बाजारासाठी आणि नावावर विकायच्या मालासाठी खोकं, असा सरळ हिशेब ठेवावा.

नावावरून आठवलं. देवगडच्या छापील पेटीत कर्नाटकचा आंबा भरून विकतात, ही कोकणातल्या बागायतदारांची जुनी तक्रार आहे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. पण छापील खोकं कुणीही विकत घेऊ शकत असेल, तर त्या मानांकनाचं मोल खोक्याच्या दुकानातच संपतं. आपल्या नावाची छापील खोकी उरली तर फाडून रद्दीत घाला, तशीच विकू नका.

आणखी एक विचार मनात येतो. हे पुठ्ठे चिकटवायचा गम मक्याच्या स्टार्चपासून बनतो. आता इथेनॉललाही मका लागतो, त्यामुळं स्टार्चवाल्यांना मक्यासाठी स्पर्धा करावी लागते. मका पिकवणाऱ्याला ते बरंच आहे. उसाच्या बगॅसपासून कागद होतो, तमिळनाडूत करूरजवळची सरकारी कागद गिरणी तो वर्षानुवर्षं बनवते. आपल्याकडं कारखाने बगॅस जाळून वीज करतात. त्यांना ते सोपं आणि ठरलेलं उत्पन्न वाटतं. कागदाची मिल म्हणजे मोठं भांडवल, भरपूर पाणी आणि घाण पाण्याचा प्रश्न. दुष्काळी टापूत नवी मिल काढा म्हणणं सोपं आहे, नदीकाठच्या गावांना विचारा. मी तरी या आशेवर खोकं स्वस्त होईल असं धरून चालणार नाही.

सरकारकडून मागायचं ते साधं आहे. खोकं बनवणाऱ्या क्राफ्ट कागदावरचा कर खाली आणावा किंवा छोट्या बॉक्सवाल्यांना परतावा ठरलेल्या दिवसांत द्यावा. खोकेवाल्यांच्या संघटना ही मागणी करतीलच. पण त्यांच्याबरोबर द्राक्ष, डाळिंब, आंबा बागायतदारांची नावं असतील तर ती मागणी कारखानदारांची राहत नाही, शेतकऱ्यांची होते. हिमाचलमध्ये तसंच झालं. आपल्या भागातले आमदार-खासदार हंगामात बागेत फोटो काढायला येतातच. त्यांच्या हातात घड देताना खोक्याचं पक्कं बिलही द्या, मूळ दर आणि कर वेगळा लिहिलेलं.